तांड्यापासून सचिवालयापर्यंत : कै. वसंतराव नाईक यांची कारकीर्द आणि आपली शेती

(कृषी दिनानिमित्त उंद्री, ता. चिखली, जि. बुलढाणा येथील शेतकऱ्यांसमोर कृषिविद्या विषयाच्या व्याख्यात्याने दिलेल्या भाषणाचा मजकूर.)



आज १ जुलै, कृषी दिन. पेरणीचे दिवस आहेत. वापसा आला की तिफण जुंपायची घाई असते. अशा वेळी आपण एवढ्या संख्येने आलात, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. एरवी मी आपल्याशी बियाणे, खत आणि फवारणी या विषयांवर बोलतो. आज मात्र ज्यांच्या जन्मदिवसामुळे हा कृषी दिन साजरा होतो, त्या कै. वसंतराव नाईक यांच्याविषयी बोलावे, असे संयोजकांनी सुचविले. मी राज्यशास्त्राचा अभ्यासक नव्हे, शेतीचा शिक्षक आहे. त्यामुळे त्यांच्या राजकीय कारकीर्दीकडे मी शेतकऱ्याच्या बांधावरूनच पाहणार आहे.

नाईकसाहेब ५ डिसेंबर १९६३ रोजी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या पदावर राहिले. अकरा वर्षांहून अधिक. एवढा दीर्घ काळ राज्याचा कारभार दुसऱ्या कोणालाही करता आलेला नाही. परंतु मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. ज्या समाजाला दोन-तीन पिढ्यांपूर्वी स्वतःची जमीन नव्हती, स्वतःचे गाव नव्हते, त्या समाजातून हा मुख्यमंत्री आला. नुसती जमीन मिळाल्याने माणूस शेतकरी होत नाही, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. जमिनीच्या जोडीला बियाणे, पाणी, शेतीचे ज्ञान, मालाला भाव आणि गावाच्या कारभारात शब्द, या पाच गोष्टी लागतात. त्यांची सारी कारकीर्द या पाच गोष्टींभोवती फिरते. काही साधल्या, काही राहून गेल्या. दोन्हींचा विचार आपण करू.

लदेणीवरून शेतीवर

बंजारा समाज आपल्याला परका नाही. बुलढाणा, वाशिम आणि यवतमाळ जिल्ह्यांत त्यांचे तांडे आहेत. हा समाज पूर्वी लदेणी करीत असे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून शेकडो कोस वाहून न्यावयाचे, हा त्यांचा धंदा होता. मोठमोठ्या फौजांनाही धान्य पुरविण्याचे काम बंजाऱ्यांचे तांडे करीत.

इंग्रजी अमदानीत पक्क्या सडका झाल्या आणि रेल्वे आली. मलकापूर, शेगाव, अकोला, बडनेरा या मार्गाने जाणारी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. खामगावच्या कापसाला तिच्यामुळे मुंबईची वाट मोकळी झाली. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला कापसाचा बाजार मिळाला, पण त्याच रुळांनी बैलांवरची लदेणी मोडून टाकली. ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रोजी गेली, त्या तांड्यांना कुठेतरी मुक्काम करणे भाग पडले. त्यातच इंग्रज सरकारने काही प्रांतांत भटक्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला.

तांडे जिथे थांबले तिथली चांगली काळी जमीन आधीच गावकऱ्यांच्या वहितीत होती. उशिरा आलेल्यांच्या वाट्याला डोंगरउतार, मुरमाड आणि जंगलालगतची जमीन आली. पुसदजवळच्या गहुली येथे वसंतरावांचे आजोबा चतुरसिंग यांच्या काळात असाच एक तांडा स्थिरावला. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात. तांड्याचे भांडण तोडणे, मुक्कामाची जागा ठरविणे, अडल्यानडल्याची सोय लावणे ही त्याची जबाबदारी. वसंतरावांचे वडील फुलसिंग हे गहुलीचे नाईक होते. त्यांच्या घरी १ जुलै १९१३ रोजी वसंतरावांचा जन्म झाला. वणवण संपून शेती सुरू झालेली, पण तिचा जम अजून बसावयाचा, अशा काळातले हे बालपण होते.

वकिली, पुसद आणि पहिली निवडणूक

तांड्यावर शाळा नव्हती. आसपासच्या गावांच्या शाळांतून प्राथमिक शिक्षण घेऊन वसंतराव पुढे नागपूरला गेले. तेथील मॉरिस कॉलेजमधून ते १९३८ मध्ये बी. ए. झाले आणि १९४० मध्ये त्यांनी वकिलीची परीक्षा दिली. सुरुवातीस अमरावती येथे डॉ. पंजाबराव देशमुख यांच्याबरोबर त्यांनी वकिली केली. पुढे देशाचे कृषिमंत्री झालेले आणि ज्यांचे नाव आपल्या अकोल्याच्या विद्यापीठाला दिलेले आहे, ते हेच पंजाबराव. १९४१ मध्ये वसंतरावांनी नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. त्या काळात हे सोपे नव्हते. दोन्हीकडच्या समाजाचा रोष त्यांनी सोसला.

पुसदला आल्यावर वकिलीबरोबर त्यांनी पुसद कृषी मंडळाचे काम हाती घेतले. १९४६ मध्ये ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. कोर्टात रोज येणारे पक्षकार बहुतेक शेतकरीच. कूळ, बांध, सावकाराचे कागद, जप्ती हे तिथले विषय. शेतकऱ्याचे नुकसान केवळ पाऊस करीत नाही, कागदही करतो, याचा अनुभव त्यांना याच काळात आला असला पाहिजे.

आपला वऱ्हाड त्या वेळी जुन्या मध्यप्रदेश राज्यात होता. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत वसंतराव तेथील विधानसभेवर निवडून आले आणि महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना होऊन विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. तेथे यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे आधी सहकार आणि नंतर कृषी खाते आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा ते महसूलमंत्री झाले. शेतकऱ्याशी संबंधित तीन महत्त्वाची खाती मुख्यमंत्री होण्यापूर्वीच त्यांनी सांभाळली होती.

कारभार जिल्ह्याच्या आणि गावाच्या हाती

२७ जून १९६० रोजी लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी शासनाने त्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. ती नाईक समिती म्हणून ओळखली जाते. तिने १९६१ मध्ये २२६ शिफारशींचा अहवाल दिला. त्यावरून जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून आपल्या जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

या समितीचे एक वैशिष्ट्य ध्यानात ठेवावे. त्यापूर्वीच्या बलवंतराय मेहता समितीने तालुका किंवा गट या पातळीवर भर दिला होता. नाईक समितीने जिल्हा परिषद बळकट करावी असे सुचविले. कलेक्टर तसेच आमदार-खासदार यांना जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवावे, असाही तिचा आग्रह होता. म्हणजे मुंबईच्या माणसाचे किंवा साहेबाचे दडपण न येता, शेतकऱ्यांतून निवडून आलेल्या सदस्यांनी शाळा, दवाखाने, रस्ते आणि शेतीविस्ताराची कामे पाहावीत. ग्रामसेवकाकडे किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे आपण जातो, त्या व्यवस्थेची मुळे इथे आहेत.

१९६१ मध्येच शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा झाला. त्या वेळी महसूल खाते नाईकसाहेबांकडेच होते. या कायद्यातून किती जमीन प्रत्यक्ष भूमिहीनांच्या हाती गेली आणि पळवाटा किती निघाल्या, याविषयी मतभेद आहेत. पण जमीन हा मूठभरांचा साठा होऊ नये, हे तत्त्व राज्याने कायद्याने मान्य केले.

धान्याची तूट आणि संकरित ज्वारी

मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे नोव्हेंबर १९६३ मध्ये निधन झाले आणि राज्याची सूत्रे नाईकसाहेबांकडे आली. देश त्या वेळी परदेशी धान्यावर अवलंबून होता. रेशनच्या दुकानावर रांगा लागत. अमेरिकेतून येणारी लाल मिलो ज्वारी खाल्लेली वडीलधारी मंडळी आजही गावोगाव भेटतील.

पंजाब-हरियाणात गहू होता आणि कालव्याचे पाणी होते. आपल्याकडे बहुतेक शेती कोरडवाहू आणि मुख्य पीक ज्वारी. तेव्हा महाराष्ट्रात क्रांती व्हावयाची तर ती ज्वारी-बाजरीतच होणार होती. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसारित झाला. त्यापाठोपाठ १९६५ मध्ये एच.बी.-१ ही संकरित बाजरी आली. नाईकसाहेबांनी या संकरित बियाण्यांमागे शासनाची सारी यंत्रणा उभी केली. स्वतः शेतावर जाऊन ते पिके पाहत. १९६५ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यासमोरच्या सभेत त्यांनी जाहीर केले की, दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. अशा आशयाचे त्यांचे उद्गार आजही सांगितले जातात.

तो शब्द ठरल्या मुदतीत पूर्ण झाला, असे मला म्हणता येणार नाही. १९६५ आणि १९६६ या दोन्ही वर्षी देशभर पावसाने दगा दिला आणि बाहेरच्या धान्याची गरज संपली नाही. परंतु एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाने धान्याच्या उत्पादनावर आपली खुर्चीच काय, मानही पणाला लावली. त्यामुळे कलेक्टरपासून ग्रामसेवकापर्यंत सर्वांना शेती हेच पहिले काम झाले.

आता थोडे शास्त्र सांगतो. जुनी गावरान ज्वारी उंच वाढे, पाच महिने घेई आणि शेवटी पाणी कमी पडले की कणसात दाणा भरत नसे. सी.एस.एच.-१ बुटकी आणि सुमारे शंभर दिवसांत येणारी. खताला चांगला प्रतिसाद देणारी. त्यामुळे उत्पादन वाढले. पण प्रत्येक गुणाबरोबर एक जबाबदारीही आली. उशिरा पेरली तर खोडमाशी पोंगे वाळवू लागली. लवकर निसवल्यामुळे दाणा भरताना परतीचा पाऊस गाठू लागला आणि बुरशीने दाणे काळे पडू लागले. काळ्या ज्वारीला बाजारात भाव मिळेना. बुटक्या ताटांचा कडबा कमी आणि जनावरे तो आवडीने खात नसत. बाजरीवर गोसावी रोग आला. शिवाय संकरित बियाणे दरवर्षी नवीन घ्यावे लागते, कारण त्याचे घरचे बी पेरले तर पुढच्या पिढीत गुण फाटतात आणि पीक एकसारखे येत नाही. बियाण्याची पिशवी ज्याच्या हाती, त्याच्यावर शेतकरी अवलंबून राहू लागला.

हे सारे प्रश्न सोडवावयाचे तर आपल्या हवामानात, आपल्या मातीत संशोधन करणारी संस्था हवी. इथूनच कृषी विद्यापीठांचा विषय येतो.

कृषी विद्यापीठे

राज्याचे पहिले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये राहुरीला झाले. ते अकोल्याला व्हावे म्हणून १९६७ मध्ये विदर्भात मोठे आंदोलन झाले. त्यात काहींचे प्राण गेले. मुख्यमंत्री विदर्भाचे असूनही विदर्भाला रस्त्यावर उतरावे लागले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याचे पंजाबराव कृषी विद्यापीठ स्थापन झाले. १९७२ मध्ये परभणी आणि दापोली येथे आणखी दोन झाली. एका राज्यात चार कृषी विद्यापीठे, प्रत्येकाकडे आपापल्या हवामानाचा प्रदेश, ही रचना नाईकसाहेबांच्या काळातली होय. परभणीच्या विद्यापीठाला २०१३ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. आपण शिवारफेरीला अकोल्याला जाता, तेव्हा तिथले प्रत्येक प्रात्यक्षिक मागून आणि लढून मिळविलेले आहे, हे ध्यानात असू द्यावे.

बहात्तरचा दुष्काळ

१९७२ चा दुष्काळ ही त्यांच्या कारकीर्दीची सर्वांत कठीण परीक्षा. त्याआधीची वर्षेही अवर्षणाची होती. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने गेली, कुटुंबेच्या कुटुंबे गाव सोडू लागली. शासनाने मागेल त्याला काम हे धोरण घेतले. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, नाला बांध, पाझर तलाव, रस्ते अशी ती कामे. कामावर सुकडी मिळे. त्या दुष्काळात हाल झाले हे खरे, पण पूर्वीच्या दुष्काळांसारखी उपासमारीने माणसे मोठ्या संख्येने मेली नाहीत.

वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात अमलात आली. तिचा कायदा नाईकसाहेबांनंतर, १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. २००५ मध्ये साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्या पाठीशी महाराष्ट्राचा हाच अनुभव होता. त्याचबरोबर, दुष्काळ केवळ मजुरी देऊन हटत नाही, शिवारातच पाणी अडवावे लागते, हा धडाही राज्य शिकले. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले, तेव्हा त्यांनी जलसंधारणावर जो भर दिला, तो याच वाटेवरचा होता.

कापसाचा भाव

पाच गोष्टींपैकी भावाची गोष्ट सर्वांत अवघड. कापूस आपला, पण त्याचा भाव व्यापारी ठरवी. १९७१ च्या कायद्याने शासनाने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली आणि १९७२-७३ च्या हंगामापासून ती सुरू झाली. शेतकऱ्याला ठरलेला भाव द्यावयाचा, रुई-सरकी विकून नफा झाला तर त्यातला वाटा पुन्हा द्यावयाचा, अशी मूळ कल्पना. प्रथम अनेक शेतकऱ्यांना तिचा आधार वाटला. पुढे मात्र केंद्रावर गाड्यांच्या रांगा, प्रतवारीच्या तक्रारी, चुकारे मिळण्यास उशीर आणि वाढता तोटा यांनी ती पोखरली गेली. २००० नंतरच्या काही वर्षांत एकाधिकार संपला. हेतू शेतकऱ्याचा असला तरी कारभार चोख नसेल तर योजना टिकत नाही, हा त्यातला बोध आहे.

राहून गेलेले

थोरांचे गुण गाताना उणिवाही सांगाव्यात. नाईकसाहेबांच्या काळात राज्यात मोठी धरणे झाली आणि सुरू झाली. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मधली. परंतु विदर्भाचे सिंचन मागेच राहिले. प्रा. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेषाचा हिशेब मांडला, तेव्हा हे कागदावर आले. पाच गोष्टींपैकी पाणी ही गोष्ट आपल्या भागाला पुरेशी मिळाली नाही. तांड्यांवरची मुरमाड जमीन तशीच कोरडी राहिली. आजही राज्यातल्या कित्येक तांड्यांवर दिवाळीनंतर कुलपे दिसतात, कारण माणसे ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली असतात. लदेणी मोडल्यावर ज्यांना शेतीने थांबविले होते, त्यांना शेतीच पुन्हा फिरावयास लावीत असेल, तर वसंतरावांनी हाती घेतलेले काम अपुरे आहे, असेच म्हणावे लागेल. आणि हा प्रश्न केवळ तांड्यांचा राहिलेला नाही. दोन-तीन एकरवाल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या दारात तो उभा आहे.

मुख्यमंत्रिपद सोडल्यावर १९७७ मध्ये ते वाशिममधून लोकसभेवर निवडून आले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले.

आपण काय करावे

त्यांच्या पाच गोष्टींचा आपल्या शिवारापुरता विचार करून मी थांबतो.

पहिली गोष्ट बियाण्याची. खरिपाची ज्वारी आपल्या भागातून जवळजवळ हद्दपार होऊन तिची जागा सोयाबीनने घेतली आहे. सोयाबीनचे वाण संकरित नाहीत, सरळ आहेत. म्हणून घरचे बी दोन-तीन वर्षे खुशाल वापरता येते. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर ते बी पेरणीयोग्य समजावे आणि एकरी ३० किलोच्या आसपास वापरावे. उगवण कमी असेल तर बी बदलावे. मळणी करताना यंत्राचे फेरे कमी ठेवावेत आणि पोत्यांची थप्पी उंच लावू नये, म्हणजे दाण्याची साल फुटत नाही. ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. पिशवीवरचे परावलंबन कमी करण्याची ही साधी वाट आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. धरण येईल तेव्हा येईल. उताराला आडवी पेरणी, बांधबंदिस्ती आणि ठरावीक ओळींनंतर डवऱ्याने काढलेली सरी, एवढे तर आपल्या हाती आहे.

तिसरी ज्ञानाची. विद्यापीठ आणि कृषी विज्ञान केंद्रे आपलीच आहेत. अडचण आली तर रोगट झाड उपटून घेऊन शास्त्रज्ञाकडे जावे. दुकानदाराच्या सल्ल्याने फवारणी करू नये.

चौथी भावाची. सोंगणीनंतर सर्वांनी एकाच आठवड्यात माल बाजारात नेला की भाव पडतोच. माल वाळवून, चाळून ठेवण्याची सोय गटाने करता येते. एकट्याला ते परवडत नाही.

पाचवी कारभाराची. ग्रामसभेला जात नाही आणि जिल्हा परिषदेला नावे ठेवतो, असे आपले होऊ नये. ती संस्था आपल्यासारख्यांच्या हाती राहावी म्हणून नाईक समितीने आमदार-खासदारांनाही बाहेर ठेवावयास सांगितले होते. कोणते काम आपल्या गावात घ्यावयाचे, पाझर तलाव की सभामंडप, हे ग्रामसभेत बसल्याशिवाय ठरत नाही.

बंधूंनो, तांड्याचा नाईक मुक्कामाची जागा निवडताना पाणी कुठे आहे, चारा कुठे आहे आणि सर्वांत मागचा माणूस पोहोचला का, हे पाहत असे. राज्य चालविणाऱ्याने आणि गाव चालविणाऱ्यानेही एवढे तीन प्रश्न रोज स्वतःला विचारावेत. आपली पेरणी चांगली साधो, अशी सदिच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.

जय जवान, जय किसान.